कणगीतला म्हातारा

आमच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी. पोथीखेरीज दुसरं पुस्तक जगात असतं हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं 'चल, मोठी शानी' म्हणून उडवून लावलं असतं. आत्या म्हणजे माझ्या बाची थोरली बहीण. मी रांगती असतानाच माझी आई गेली. त्याच सुमारास आत्या विधवा होऊन माहेरी आली, आणि तेव्हापासून घराची आई, सासू आणि फौजदार सगळं तीच. बा शेतावर हुकूम चालवायचा, पण उंबऱ्याच्या आत आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. थोरला भाऊ, आमचा दादा, मुंबईला गिरणीत. त्याची बायको पार्वतीवहिनी आमच्याकडे. आणि शेंडेफळ मी, यमुना, गावच्या शाळेत चौथी पास झालेली. घरात वाचता येणारी मी एकटीच. बाला सहीपुरतं यायचं, आणि तेवढ्यालाही घाम फुटायचा.

म्हसळ्याकडून बोर्ली पंचतनच्या बाजाराला जाणारी वाट सोडून खाडीकडे उतरलं की आमची वाडी. अंगणापुढे भाताची खाचरं, खाचरांपुढे मातीदगडांचा बांध आणि बांधापलीकडे खाडीचं खारं पाणी. उधाणाच्या भरतीला ते पाणी आमच्या भातापेक्षा उंच उभं असायचं, मधे काय तो बांध. उधाणाच्या दिवशी घरटी एक पुरुष पेंढा आणि कुदळ घेऊन पहाऱ्याला जायचा. पाणी झिरपताना दिसलं की तिथं पेंढा कोंबायचा, वर चिखल थापायचा, आणि ओहोटी लागेपर्यंत तिथून हलायचं नाही. बांध फुटला तर 'खांड पडली' म्हणत, आणि हे शब्द आमच्या घरात उच्चारायला बंदी होती. एकदा खारं पाणी आत घुसलं की कित्येक वर्षं त्या मातीत भात धरत नाही, आणि भात नाही म्हणजे काय ते आम्हां पोरांनाही कळत होतं. असल्या ठिकाणी वाढलेल्या मुलीच्या हातात असलं पुस्तक पडावं, हा योग म्हणायचा की भोग, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तक धाडलं काकानं. काका बाचा धाकटा भाऊ, मुंबईत पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला. छापून आलेले मोठे कागद घडी घालून त्यांचे फर्मे करायचे, ते ओळीनं लावून शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. बांधायचा ढिगानं, वाचायचा एकही नाही. 'हलवाई काय स्वताचे लाडू खातो?' असं वर तोंड करून विचारायचा. त्या आषाढात गावच्या एका माणसाबरोबर त्यानं माझ्यासाठी ते धाडून दिलं. कारखान्यात खराब निघालेले सुटे फर्मे गोळा करून स्वतःच्या हातानं शिवलेलं, वर उरल्यासुरल्या कापडाचा तुकडा डकवलेला. तो तुकडा नेमका तांबडा निघाला. पुस्तकाच्या नावाचं पान मुळातच नव्हतं. ते कुणी लिहिलं, त्याचं नाव काय, मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे मुंबई-पुण्याची जुनी दुकानं धुंडाळूनही कळलं नाही. मेलं तेवढं एकच पुस्तक मला दगा देऊन बसलंय.

श्रावण लागला. लावणी उरकलेली, बाहेर पावसाची झड, श्रावण म्हणून सुकट बंद, रोजचं कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. दुपारी बायका आमच्या पडवीत बसून सुंभ वळायच्या. दर श्रावणात तिथं पोथी लागे आणि शेजारच्या वाडीतले एक म्हातारे वाचायला येत, पण त्या साली त्यांना दिसेनासं झालं होतं. मला सुंभ वळायचा मनस्वी कंटाळा. मी सुटका म्हणून काकाचं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं सुरू केलं. पहिलंच वाक्य होतं, 'आणि सागराने आपली मर्यादा सोडली.' आत्याचा हात थांबला. तिनं तांबडं कापड पाहिलं, जाड पुठ्ठा पाहिला, आणि भक्तिभावानं हात जोडले.

"आते, ही पोथी न्हाय गो. कादंबरी हाय."

"कादंबरी म्हंजे कंची देवी?"

"देवी न्हाय. मनानं रचलेली गोष्ट."

"मंग पोथीत काय असतं? गोष्टच ना? गप वाच."

दुसऱ्या दिवशी बघते तर माझं पुस्तक हळदकुंकू लावून, धुतल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात बसलेलं. आत्यानं संकल्प सोडला होता. वहिनीचे दिवस भरत आले होते. आदल्या साली तिचं पहिलं बाळ जन्माला आलं आणि पाचवी पुजायच्या आधीच गेलं. त्यानंतर वहिनी हसायची विसरली. अंगणात पोर रडलं तरी ती कानावर हात ठेवायची. म्हणून आत्यानं हातावर पाणी घेऊन बोलून टाकलं, की ही पोथी रोज थोडी थोडी वाचून पिठोरी अमावास्येला तडीस नेईन, माझ्या सुनेला सुखरूप सोडव. आणि पोथीचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. धरलेली पोथी मधे सोडायची नाही. सोडली, तर ज्याच्यासाठी धरली त्याच्यावरच ती उलटते. मी पुष्कळ आदळआपट केली, पण संकल्प सोडलेलं पाणी का परत ओंजळीत येतं?

आता गोष्ट ऐका. समुद्र चढत चढत गावं गिळतो, आणि उरलेली माणसं एका टेकडीवर जीव धरून राहतात. खाली सगळं खारं पाणी, वर गोड्या पाण्याचं एकच टाकं, आणि त्या टाक्यावर पाणी मोजून देणाऱ्या मोजणीदारांचा पहारा. टेकडीभोवती तट बांधायचं काम चाललेलं. जो दिवसभर तटासाठी दगड वाहील त्याला संध्याकाळी करवंटीभर पाणी. दगड उचलवेना झालं, म्हातारपण आलं, पाय मोडला, की मोजणीदार येत आणि त्याला 'उतरवत'. मारलं असं कुणी म्हणायचं नाही. उतरवलं म्हणायचं. ओहोटीच्या वेळी तटाबाहेर नेऊन ठेवायचं आणि तटाचं दार लावून घ्यायचं, पुढचं काम भरतीचं. ह्या टेकडीवर रेवा नावाची मुलगी. तिचा बाप थकलाय. ती त्याला भात साठवायच्या रिकाम्या कणगीत लपवते, वर झाकण घालते, आणि स्वतःच्या एका करवंटीतली अर्धी त्याला देते. बाप खोकला की ती मोठमोठ्यानं गाणं म्हणायची, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पाठीवर काटा आला, तो अजून पुरता बसलेला नाही.

मी आजवर पुष्कळ वाचलं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तरी वाचते. नातू थट्टा करतो, "आजी, देवाधर्माचं वाचायच्या वयात तू ही जगबुडीची पुस्तकं काय वाचतेस?" त्याला काय सांगू! त्या तांबड्या पुस्तकानं मला जी चटक लावली ती लावली. ते पुस्तक वाचताना मी पडवीत नसायचीच. रेवा पहाटे दगडांवरचं दव चाटते असं आलं, तर मी दुसऱ्या दिवशी धो धो कोसळणाऱ्या पावसात अळवाची पानं चाटत उभी. आत्यानं पाठीत धपाटा घातला. वैरणीच्या माळ्यावर मी नारळ लपवून ठेवले, समुद्र आला तर असावेत म्हणून. जेवताना पाणी अर्धंच प्यायची. आणि पुढं काय होणार ह्या विचारानं जीव नुसता कासावीस. पण पुढचं वाचणार कसं? पोथी देव्हाऱ्यात! आंघोळ करून, धुतलेला परकर नेसून, दिवा लावून, दुपारी ठरलेला मजकूर वाचायचा की पुन्हा फडक्यात. एकदा मी आत्या परसात गेलीय असं पाहून फडक्याची गाठ सोडली, तर मागून आवाज आला, "हात झडतील." मी तशीच गाठ मारली. मी त्या पुस्तकाचं पुढचं पान कधीही आधी पाहिलं नाही, हे लक्षात ठेवा.

ऐकणाऱ्यांचं वेड माझ्याहून वरताण. आमच्याकडे रोज भागीमावशी यायची. ती गावची सुईण, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, कशाला न भिणारी बाई. तीसुद्धा मोजणीदार आले की सुंभ टाकून आत्याला चिकटून बसायची. "मुडदा बशिवला त्यांचा," असं दातओठ खात म्हणायची. विहिरीवर, पाणवठ्यावर बायका रेवाची चौकशी करायच्या, "म्हातारा खोकला का गो काल?" आणि हळूहळू ते सगळं आमच्या अंगणात उतरायला लागलं. भरतीचा आवाज काय आम्हाला नवा होता? जन्मापासून ऐकत आलेलो. पण आता दुपारी बांधावर पाणी आपटलं की सगळ्याजणी मान वर करून ऐकायच्या. बा म्हणाला, "तुमची पोथी भारी वंगाळ हाय. माजं लक्ष सारकं बांधाकडं जातंय." तरी तोही दाराआड उभा राहून ऐकत होता, मी पाहिलंय.

वहिनी मात्र खांबाला टेकून बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटलं, तिचं मन रमतंय. आत्यालाही तसंच वाटलं, ती खूश होती. मग एकदा परसात मी आणि वहिनी शेंगा खुडत होतो. पोटातलं बाळ हललं असावं. वहिनीनं झटकन पदर ओढून पोट झाकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात पोटाला म्हणाली, "गप. हालू नको. आयकतील." मी विचारलं, "कोण आयकतील, वयनी?" तर म्हणाली, "वन्सं, मागच्या खेपेला आत होतं तंवर जितं होतं. भायेर आलं नि गेलं. ह्याला मी भायेर येऊच द्यायची न्हाय." तिचा आवाज अगदी साधा होता, भाकरी करपली सांगावं तसा. मी पळत जाऊन आत्याला सांगितलं. आत्याचा चेहरा पांढरा पडला, पण ती म्हणाली, "पोथी तडीस जाऊ दे. म्हातारा सुटला की हीबी सुटंल." मला तेव्हा पहिल्यांदा त्या पुस्तकाची भीती वाटली. म्हातारा सुटतो असं कुणी सांगितलं होतं?

पिठोरी अमावास्या उजाडली. आभाळ खाली आलेलं, वारा खाडीकडून. भर दुपारचं उधाण, म्हणून बा सकाळीच पेंढा आणि कुदळ घेऊन बांधावर गेला. वहिनीला पहाटेपासून कळा लागल्या होत्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकलेली, भागीमावशी आत, आत्या आत-बाहेर करतेय. मला आत जायला बंदी. मी चुलीपाशी पाणी तापवत बसले आणि वहिनीचं कण्हणं ऐकत राहिले. दुपार झाली तेव्हा ते कण्हणंही थांबलं. भागीमावशी दारात आली. तिच्या कपाळावर घाम होता, आणि तिला घाम आलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

"कळ येती नि ही आवळून धरती," ती आत्याला म्हणाली. "दात आवळती, पाय आवळती. माजं आयकना. आसं चाललं तर दोगांचाबी जीव जाईल. आता तूच काय ते सांग तिला."

आतून वहिनीचा घोगरा आवाज आला, "पोथी वाचा. म्हातारा सुटला का ते कळू द्या."

आत्यानं मला तशीच दंडाला धरून उठवलं, देव्हाऱ्यातली पोथी काढली, दाराबाहेर पाट टाकला, दिवा लावला आणि म्हणाली, "बस. वाच. सुद्द वाच." मी पान काढलं. शेवटचा थोडा मजकूर राहिला होता. तटाला भेग पडते. मोजणीदार घरोघर फिरून लपलेली माणसं शोधू लागतात. रेवा मोठ्यानं गाणं म्हणतेय, तिचा घसा बसलाय. दारावर थाप. दार मोडतं. मी वाचत होते आणि तिकडे खाडीवर पाणी धडधडा बांधावर आपटत होतं, आणि दोन्ही आवाज माझ्या डोक्यात एक झाले. 'मोजणीदाराने कणगीच्या झाकणाला हात घातला. त्याने झाकण वर उचलले आणि आत' इथे पान संपलं. मी पान उलटलं.

पुढे काही नव्हतं. एक कोरं पान आणि मग पुठ्ठा. काकानं शेवटचा फर्मा घातलाच नव्हता.

आयुष्यात भीती पुष्कळ वेळा वाटली. नवऱ्याचं आजारपण झालं, बेचाळीस साली घरात पोलीस शिरले, सगळं झालं. पण त्या कोऱ्या पानासमोर बसलेली मी जशी थिजले तशी पुन्हा कधी थिजले नाही. पोथी अर्धी राहिली होती. अर्धी पोथी कुणावर उलटते ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बाजेवर पडली होती.

"वन्सं," आतून आवाज आला. "काय हाय आत? सांगा ना. म्हातारा सापडला?"

आत्या माझ्याकडे बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. भागीमावशीला येत नव्हतं. त्या घरात त्या वेळी मोकळं पान आणि भरलेलं पान ओळखणारी मी एकटी, आणि मला वाटलं, मी आता बोलले तर पोथीत खोटं घातल्याचं पाप, आणि गप्प राहिले तर वहिनी जाते. मी कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

'आणि आत म्हातारा बसला होता,' मी वाचलं. आतून वहिनीनं जो हुंदका दिला तो अजून कानात आहे. मी घाईघाईनं पुढे गेले. 'मोजणीदार त्याला धरणार, तोच तटाकडून ओरड आली. तटाला...' माझी जीभ अडली, पण मी म्हटलं, 'तटाला खांड पडली.' आत्या दचकली. 'पाणी आत आलं. ते कणगीकडे धावलं. रेवा ओरडली, बाबा, आत राहिलास तर बुडशील. आत आता हवा न्हाय. भायेर ये. म्हातारा म्हणाला, मला भ्या वाटतंय. भायेर मोजणीदार हाय. रेवा म्हणाली, असू दे. मी हाय ना. मी तुला धरते. तू फकस्त भायेर ये.'

पुस्तकातलं मराठी कुठं, माझं कुठं, सगळा काला झाला होता. मला भान नव्हतं. 'म्हाताऱ्यानं जोर केला. कणगी हलली. रेवा म्हणाली, ये, बाबा, ये. अजून थोडं. म्हातारा सगळ्या जन्मात बांध बांधत आला होता. खांड कशी बुजवायची ते त्याला ठाऊक होतं, मोजणीदारांना ठाऊक नव्हतं. तो भायेर आला म्हणून सगळे वाचले. तो आत राहिला असता तर सगळे बुडाले असते. ये, बाबा, ये.' मी तेच तेच वाचत राहिले. आतून भागीमावशीचा आवाज यायला लागला, "हां, आस्सं. सोड. सोड गो बाय. आलं, आलं." आणि वहिनी किंचाळली. मग सगळं शांत झालं. मी पानावरचं बोट उचललं नाही. मला वाटत होतं, बोट उचललं की सगळं जाईल.

मग पोर रडलं. असं काही रडलं की परसातल्या कोंबड्या फडफडल्या. भागीमावशी दारात येऊन म्हणाली, "मुलगा हाय. आणि गळा बघा मेल्याचा!" आत्या मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. संध्याकाळी बा डोक्यापर्यंत चिखलानं माखून आला. बांध टिकला होता.

पण एवढ्यानं भीती संपली नाही, कारण पाचवी व्हायची होती. पहिलं बाळ पाचवीआधीच गेलेलं. आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते. म्हणून पुजेत कोरा कागद आणि दौत-टाक ठेवायचा. तोवर आम्ही चालायचोसुद्धा पाय न वाजवता. वहिनी रात्रंदिवस बाळाच्या छातीवर हात ठेवून पडलेली. त्यात माझ्या मनात वेगळीच खुटखुट, की पोथी खरी तडीस गेलेलीच नाही. मी कुणाला सांगू शकत नव्हते.

पाचवीच्या दिवशी सकाळी काका हजर! गणपतीला म्हणून आलेला, धरमतरपर्यंत लाँच, पुढं मिळेल ते वाहन, आणि म्हसळ्यापासून चिखल तुडवत. घरात सोयर आहे, यंदा गणपती बसायचा नाही, हे त्याला दारातच कळलं. तो बाळाचं ऐकून हरखला, आणि मग पिशवीतून एक घडी काढून माझ्या हातात ठेवली. "तुज्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा ऱ्हायला होता गो. परवा रद्दीत सापडला. घे."

मी न्हाणीमागे गेले. चुलाणावर बाळाच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. उभ्या उभ्या फर्मा वाचला. थांबवत नव्हतं, चटकच तशी. 'म्हातारा बसला होता' हे मी बरोबर वाचलं होतं. बाकी सगळं उलटं. मोजणीदारांनी त्याला उतरवला. तटाची भेग बुजवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा दगड उचलायच्या रांगेत जाऊन उभी राहिली, संध्याकाळी तिनं पूर्ण करवंटी पाणी प्यायलं, आणि तिला लाज वाटली की ते गोड लागलं. इथे पुस्तक संपलं. आज म्हातारपणी सांगते, त्याहून चांगला शेवट मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. पण पाचवीच्या दिवशी असला चांगला शेवट घरात घेऊन करायचं काय? सटवाईच्या येण्याच्या दिवशी, छापलेला, पक्का!

"पोथीचं ऱ्हायलेलं हाय ना ते?"

मागे आत्या उभी होती, हातात लाकडं.

"तुला कसं कळलं, आते?"

"त्या दिवशी दारात बसून शेवटाला तू येवडं वाचलंस, पण पान एकदाबी उलटलं न्हाईस," आत्या म्हणाली. "आणि ती टेकडीवरची माणसं एकाएकी आपल्यावानी बोलाय लागली. मला अक्षर येत न्हाय, म्हणून काय मी भैरी हाय?" तिनं फर्म्याकडे बोट केलं. "ह्यात काय लिवलंय?"

"फार चांगलं लिवलंय, आते."

"लिवलंय कसं ते न्हाय इचारलं. म्हातारा जगतो का?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली. आत्यानं माझ्या हातातून फर्मा घेतला. मी तो सोडताना जरा धरून ठेवला, खोटं कशाला बोलू. मग सोडला. तिनं तो लाकडांखाली सारला आणि फुंकर घातली. कागद जाड होता, भुरभुर पेटला. त्या पाण्यानं बाळाला न्हाऊ घातलं. खोलीतून वहिनीनं विचारलं, "वन्सं, काय जळलं?" मी म्हटलं, "रद्दी, वयनी."

ते बाळ आता साठी ओलांडून गेलंय. मला आत्या म्हणतं, उधाणाला अजून बांधावर जातं, आणि पुस्तक म्हणाल तर हातात धरत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचवी पुजली. पाटा मांडला, वरवंट्याला कुंकू लावलं, दौत-टाक ठेवला. आत्या मला म्हणाली, "त्या पोथीच्या शेवटाचं कोरं पान हाय ना, ते फाडून आण." मी आणलं. तिनं ते पाट्यासमोर नीट सरळ करून ठेवलं, बाळाला त्याच्यापुढे धरलं, आणि वहिनीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बाय सटवाई, आमच्या यमीनं ह्या पानावरनं वाचलं ना, तसंच लिव."